खाडीकडलं अकरावं घर

टपाल खात्यात मी तेहतीस वर्षं काढली, त्यातली एकोणतीस आमच्याच गावच्या डाकघरात. डाकघर म्हणजे आमच्या घराची पुढची पडवी, एक टेबल, एक तराजू आणि कायम वाळलेली शाईची गादी. घरांना नंबर होते, पण ते ग्रामपंचायतीच्या दप्तरात. पाकिटावर कुणी लिहीत नसे. ‘सुरूच्या दोन झाडांपलीकडे’ किंवा ‘विहिरीत म्हैस पडली होती ते घर’ असल्या पत्त्यांवर मी बिनचूक पत्रं पोचवली. त्यामुळे पत्ता या विषयात मला कुणी काही शिकवू नये, असा निवृत्त होताना माझा ठाम समज होता. हा समज फार महागात पडला, आणि तोही मला नाही, दुसऱ्या कुणाला. तेच सांगायला बसलो आहे.

आमचं गाव नागाव आणि काशीद यांच्या मधे आहे. मधे असणं हाच आमचा दोष. मांडव्याला बोटीतून उतरलेला मुंबईकर एक तर नागावला थांबतो, नाहीतर सरळ काशीद गाठतो. आमच्या गावातून तो नुसता जातो, आणि जाताना गतिरोधकांना शिव्या देतो. नारळी-पोफळीच्या वाड्या आमच्याकडेही आहेत, पांढरा कांदा आहे, आणि समुद्र तर तोच आहे. म्हणून दोन वर्षांमागे गणपती गेल्यावर देवळात बैठक बसली आणि गावाची वेबसाइट काढायचं ठरलं. अकरा घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या. त्या खोल्यांची माहिती कोण लिहिणार, असं विचारल्यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी निवृत्त होतो, घरात कॉम्प्युटर होता आणि कामाला नाही म्हणण्याची मला सवय नव्हती.

एका परदेशी कंपनीकडे अशा वेबसाइटसाठी तयार जागा मिळते. भिंती, छप्पर त्यांचं. आपण फक्त सामान लावायचं. मी एकेका घरावर एकेक पोस्ट लिहायला घेतली. फोटो, खोल्या किती, जेवायला काय, फोन नंबर. कुठल्या घरापासून सुरुवात करायची हा प्रश्न मला पडलाच नाही. आमच्या गावात तो कुणालाच पडत नाही.

त्याचं कारण पालखी. चैत्रात आमच्या ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते, आणि तिचा क्रम ठरलेला आहे. पहिला मान आमच्या घराचा. तिथून देऊळवाडी, मग मधली आळी, मग रस्त्यापलीकडची घरं, आणि सगळ्यात शेवटी खाडीकडलं घर. हा क्रम आमच्या अंगात इतका मुरलेला आहे की नळ आले ते याच क्रमानं आले, आणि लस टोचायला नर्सबाई आल्या तेव्हा बाह्या वर करून आम्ही याच क्रमानं उभे राहिलो. तेव्हा पहिली पोस्ट मी आमच्या घरावर लिहिली. म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या खोल्यांवर. दादा पुढच्या भागात राहतो, मी मागच्या. अकरावी आणि शेवटची पोस्ट खाडीकडल्या काकींच्या घरावर.

या काकी नात्यानं माझ्या कुणी नाहीत, पण गावात त्यांना सगळे काकीच म्हणतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, बांधा काटक, आवाज खणखणीत. पालखी त्यांच्याकडे पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजतात. तोवर गुलाल संपलेला, हार मलूल, ढोलवाले कुठल्यातरी फणसाखाली आडवे, आणि मानकरी म्हणवणारे निम्मे लोक घरी जेवून घोरत असतात. काकी मात्र कैरीचं पन्हं आणि वाटलेली डाळ घेऊन ओट्यावर ताटकळत उभ्या. एकदा मी म्हटलं, "काकी, तुमच्या वाट्याला शिळीच पालखी येते." त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं ती घाईत असते रे मास्तर. माझ्याकडं बसते."

त्या वर्षी काकींचं सगळंच पणाला लागलं होतं. आदल्या पावसाळ्यात त्या विहिरीपाशी घसरून पडल्या आणि अर्धा दिवस तशाच पडून राहिल्या. कुणाला पत्ता नव्हता. मुलगा नवी मुंबईत चौदाव्या मजल्यावर राहतो. चांगला माणूस आहे, आईवर जीव आहे त्याचा. तो म्हणाला, एकटीला इथं ठेवणार नाही. काकी म्हणाल्या, मी तिथं येणार नाही. शेवटी काकींनी मागच्या दोन खोल्या रंगवून घेतल्या आणि मुलाशी तह केला. खोल्यांत पाहुणे येत राहिले, घरात माणसांचा वावर राहिला, तर त्या इथेच राहणार. नाही आले, तर घराला कुलूप. मुदत चैत्रातल्या पालखीपर्यंत.

दिवाळीत देवळातल्या मोठ्या टीव्हीवर वेबसाइट सगळ्यांना दाखवायची होती. मी सदरा इस्त्री करून गेलो. सरपंचांनी नारळ फोडला, मी बटण दाबलं, आणि पडद्यावर सगळ्यात वर दिसलं काकींचं घर. ओट्यावर त्यांचं लठ्ठ मांजर, मागे पोफळी. त्याखाली दहावं घर, त्याखाली नववं. आमचं घर यायला मला बराच वेळ खाली खाली जाऊन शेवटी मागचं पानही उलटावं लागलं. लिहिताना माझ्या लक्षात आलं नव्हतं की वेबसाइटला नवं ते आधी दाखवायची खोड असते. शेवटी लिहिलेलं सगळ्यात वर, पहिलं लिहिलेलं तळाला.

"उलटं दिसतंय हे," दादा म्हणाला. एवढंच म्हणाला, पण दादा एवढंच म्हणाला की पुढे काय असतं ते मला लहानपणापासून माहीत आहे.

"सुलट करतो," मी म्हणालो.

काकी मात्र पुढे येऊन पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ उभ्या राहिल्या. "माझं घर पयलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तात्पुरतं. त्यांनी तो शब्द ऐकला नाही, किंवा ऐकून सोडून दिला.

सुलट करायचं मी लांबणीवर टाकलं, कारण ते कसं करायचं हे मला ठाऊक नव्हतं. आणि मधल्या काळात एक गंमत झाली. मुंबईचा माणूस वेबसाइट उघडतो आणि सगळ्यात वर असेल त्यावर बोट ठेवतो. खाली जाण्याचा त्याला कंटाळा. नाताळच्या सुट्टीत काकींच्या दोन्ही खोल्या भरल्या. थंडीत त्यांनी वाडीतच जाळ करून भांबुर्डीच्या पाल्यात पोपटी भाजली, मडक्यातल्या वालाच्या शेंगा आणि अंडी पाहुण्यांच्या पुढ्यात ओतली, आणि चाळिशीतली माणसं हात भाजत लहान मुलांसारखी खात बसली. जाताना ती काकींच्या वहीत चार ओळी लिहून जात. मुलाचा फोन आला की काकी त्याला वही वाचून दाखवत. वाचताना त्यांचा आवाज आणखी खणखणीत होई.

मग त्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांना कुंपणाच्या भिंतीवर आपल्या पानाचा पत्ता रंगवून हवा होता. फोन नंबर नको, भलतेसलते लोक फोन करतात, पत्ता हवा. मी होड्यांवर नावं रंगवणाऱ्या पेंटरला घेऊन गेलो. वेबसाइटचा पत्ता म्हणजे आधी गावाचं नाव, मग वर्ष, मग महिना, मग तारीख, मग घराचं नाव, सगळं इंग्रजी अक्षरांत आणि मधे तिरक्या रेघा. पेंटरला त्या रेघांचा अर्थ कळेना. "मास्तर, ही काठी कशाला? पडतेय असं वाटतं," तो म्हणाला आणि त्यानं पहिली काठी सरळ उभी करून टाकली. मी ती पुसायला लावली. वर्ष, महिना, तारीख कशाला हव्यात, असंही त्यानं विचारलं. मी अधिकारवाणीनं सांगितलं की पत्ता पूर्ण असावा, आणि काडी इकडची तिकडे होता कामा नये. निळ्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत तो पत्ता दोन दिवसांनी तयार झाला. काकींनी तो पाठ केला, आणि इंग्रजी अक्षरं त्या आरतीच्या चालीवर म्हणू लागल्या.

इकडे दादाचा धीर सुटत चालला होता. "पालखीला मुंबईत असलेली आपली सगळी माणसं येतील," तो म्हणाला, "त्यांच्यासमोर आपलं घर तळाला नको. पालखीआधी होईल ना?" होईल, मी म्हणालो, आणि त्या परदेशी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं. आमच्या गावात देवी आधी मानाच्या घरी जाते, शेवटी खाडीकडे. तरी आमची घरं त्या क्रमानं लावून मिळावीत. तिकडून फार नम्र उत्तर आलं. वाचकांना नवीन मजकूर आधी बघायला आवडतो, असं त्यांचं म्हणणं. मी पुन्हा लिहिलं की देवीला तसं आवडत नाही. त्यावर त्यांनी विचारलं, देवी हे तुम्ही निवडलेल्या डिझाइनचं नाव आहे का?

मी कपाळाला हात लावला आणि पत्रव्यवहार तिथेच थांबवला. आपलं आपण करू म्हटलं. विचार केल्यावर मार्ग सोपा दिसला. क्रम तारखेवर लागतो, तर तारखाच बदलायच्या. सगळ्यात नवी तारीख आमच्या घराला. मी उत्साहाच्या भरात पुढच्या महिन्यातली तारीख दिली, आणि आमचं घर वेबसाइटवरून नाहीसं झालं. जी तारीख उजाडलीच नाही तिची पोस्ट ते दाखवत नाहीत. दादा मागे माझ्याकडे आला तो मोबाइल नाचवतच. "तळाला तरी होतो," तो म्हणाला, "आता घरच नाही!" मी घाईनं पहिली होती तीच तारीख परत घातली, तेव्हा घर परत आलं आणि दादानं पाणी मागितलं.

मग मी उरलेली दहा घरं मागे मागे ढकलली. दुसऱ्याला दोन वर्षांपूर्वीची तारीख, तिसऱ्याला पाच वर्षांपूर्वीची, असं करत काकींच्या घराला दिली गावच्या डाकघरातल्या माझ्या पहिल्या वर्षातली. तेव्हा गावात फोन एकच होता आणि तो माझ्या टेबलावर होता. इंटरनेट देशात यायच्याही आधीपासून काकींचं घर इंटरनेटवर होतं, असं माझं दप्तर सांगत होतं. एरवी शिक्क्यातली तारीख एका दिवसानं चुकली तरी मी शिपायाला झापत असे. पण क्रम अगदी पालखीचा लागला. दादानं पाहिलं आणि "बरं झालं" म्हणाला. त्या दोन शब्दांवर मी आठवडाभर खूश होतो.

दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या नाहीत. पहिली खरं तर दिवाळीतच दिसली होती, की वेबसाइटच्या पहिल्या पानावर दहाच पोस्ट मावतात. अकरावं घर मागच्या पानावर गेलं, आणि मागचं पान उलटायला कुणी जात नाही. दुसरी गोष्ट पाहायला वेबसाइट उघडण्याचीही गरज नव्हती. निळ्या भिंतीवर हातभर अक्षरांत ती लिहिलेली होती. पत्त्यातच तारीख होती. तारीख बदलली की पत्ता बदलतो. टपाल खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हे डोक्यात आलं नाही.

महाशिवरात्रीनंतर काकींकडे कुणी आलं नाही. "पोरांच्या परीक्षा असतील," त्या म्हणाल्या. मलाही पटलं. शिमगा झाला, पाडवा झाला. मी सायकलवरून जाताना त्यांच्या दोरीवर धुतलेल्या चादरी दिसत. कुणी न वापरलेल्या चादरी त्या दर आठवड्याला धुवून पुन्हा घालत होत्या. ऊन वाढलं म्हणून लोक येत नसतील, असं मी त्यांना सांगितलं, आणि सांगताना मला ते खरंच वाटत होतं.

पालखीला चार दिवस उरले होते. मी खाडीकडून परतत होतो. काकींच्या भिंतीसमोर एक पांढरी गाडी उभी होती. आतली बाई भिंतीकडे बघत बघत मोबाइलवर एकेक अक्षर टाकत होती. मी कौतुकानं थांबलो. तिनं शेवटचं अक्षर टाकलं, वाट पाहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "असं पान सापडत नाही म्हणतंय. बंद झालं असणार." दार सताड उघडं होतं. ओट्यावर मांजर होतं, दोरीवर चादरी होत्या, चुलीचा धूर पोफळीतून वर जात होता. पण मोबाइल बंद म्हणतो म्हटल्यावर बंद. गाडी काशीदच्या दिशेनं निघून गेली.

इंजिनाचा आवाज ऐकून काकी हात पुसत बाहेर आल्या. पदर सारखा करून त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "कोण होतं रे?"

मला तोवर सगळं कळून चुकलं होतं. भिंतीवरची तारीख माझ्याकडे बघत होती.

"रस्ता चुकले होते," मी म्हणालो.

घरी जाऊन पाहिलं. नाताळातल्या पाहुण्यांनी ओळखीच्यांना पुढे पाठवलेला पत्ताही तोच, आणि तोही कुठेच जात नव्हता. गाव सोडून जाणारा माणूस पूर्वी मला नवा पत्ता देऊन जायचा. मग पत्र आलं की मी जुना पत्ता खोडून नवा लिहायचो आणि ते पुढे पाठवायचो. कुणाचं एक पत्र माझ्या हातून असं वाऱ्यावर गेलं नाही. आणि इथे काकींचं अख्खं घर मी जुन्या पत्त्यावरून उचललं होतं आणि मागे चिठ्ठीसुद्धा ठेवली नव्हती.

जुनी तारीख परत घातली असती तर पत्ता त्याच क्षणी चालू झाला असता. पण मग काकींचं घर पुन्हा सगळ्यात वर, आमच्याही वर. आणि पालखीसाठी मुंबईची माणसं दुसऱ्याच दिवसापासून येऊ लागणार होती. दादाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी स्वतःला समजावलं की चार दिवसांत काकींकडे पाहुणा तरी कोण येणार आहे. पालखी होऊन जाऊ दे, मग बघू. त्या कंपनीला आणखी एक पत्र टाकलं, म्हणजे आपण काहीतरी केलं असं वाटावं. मी भित्रा आहे. हे लिहायला मला साठी उलटावी लागली.

पालखीच्या आदल्या दिवशी काकींचा मुलगा आला. त्यानं आईशी वाद घातला नाही. पाहुण्यांची वही उघडली, महाशिवरात्रीनंतरची कोरी पानं पाहिली आणि मिटून ठेवली. तह ठरलेलाच होता. काकींनी तो मोडायचा प्रयत्नही केला नाही.

पालखी नेहमीप्रमाणे तीनला खाडीकडे पोचली. काकी जाणार हे गावभर झालं होतं, म्हणून त्या दिवशी माणसं जरा जास्त होती. एरवी दुपारी झोपणारा दादासुद्धा आला होता. काकींनी भोयांचे पाय धुतले, देवीला ओवाळलं, पन्हं दिलं. मुलगा नारळांचं पोतं गाडीत ठेवत होता. पालखी ओट्यावर टेकली आणि मला ते सहन होईना. पेला हातात धरूनच मी सगळं सांगून टाकलं. तारखा, पत्ता, अकरावं घर, पांढरी गाडी. ऐकताना पालखीच्या भोयांनी शरमून दुसरीकडे पाहिलं.

आधी दादाच बोलला. "चार दिवस तुला म्हाईत हाय, आन् तू गप?"

"दादा, तूच म्हणालास उलटं दिसतंय."

"उलटं दिसत होतं म्हणून उलटं म्हणालो. तू सुलट केलंस, मी बरं म्हणालो. म्हातारं माणूस घरातून जातंय हे सांगितलं असतंस तर वर ऱ्हायली असती ती. मान पालखीचा असतो. मोबाइलात कसला मान?"

इतके महिने मी ज्याला भीत होतो तो असा माझ्यासमोर उभा होता, डोक्यावरची टोपी काढून, खरोखर दुखावलेला. मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. काकींचा मुलगाही जवळ आला होता. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. "काका, चूक होते," तो म्हणाला, "पण विहीर तिथंच आहे. आणि आईची खोली मी लावून ठेवली आहे."

काकी इतका वेळ देवीपुढची डाळ झाकत होत्या. माझं सगळं बोलणं त्यांना समजलं की नाही कोण जाणे. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "त्या दिशी गाडी आली होती. मी इचारलं कोण. तू म्हणालास रस्ता चुकले."

"व्हय."

"न्हाय चुकले. बरोबर आले होते ते."

मग त्यांनी कनवटीची चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पालखी बंद दारावरून फिरू नये, पुढच्या वर्षी दार उघड, एवढंच सांगितलं. मांजर शेजारच्यांकडे दिलं होतं, पण ते गाडीमागे बरंच लांब गेलं.

त्याच संध्याकाळी त्या कंपनीचं उत्तर आलं. प्रत्येक पोस्टच्या खाली ‘क्रम’ नावाची एक लहानशी चौकट असते. तीत आकडा घातला की घर हवं तिथं जातं; तारखेला हात लावायला नको, पत्त्याला नको. पहिल्या पानावर दहाऐवजी अकरा घरं दाखवायचीही सोय होती. मी जाऊन पाहिलं. पहिल्या दिवसापासून अकराही चौकटी तिथेच होत्या, आणि प्रत्येकीत शून्य होतं. सगळ्या तारखा मी पहिल्या होत्या तशा परत घातल्या. क्रम भरायला लागलो तेव्हा दादा मागून येऊन खांद्याशी उभा राहिला. "तिला एक घाल," तो म्हणाला. मी एक घातला. तेव्हापासून आमच्या गावाच्या वेबसाइटवर पहिलं घर आहे ते कुलूप लावलेलं.

पान मी काढून टाकायला हवं होतं. पण काकींचा मुलगा चौदाव्या मजल्यावर रोज ते त्यांना दाखवतो. त्या मांजराचा फोटो बघतात आणि अधूनमधून मला फोन करतात. "मास्तर, माझं पान हाय ना?" मी म्हणतो, हाय. पानावर ‘बंद’ हा शब्द मी कितीदा तरी लिहिला आणि पुसला. तो लिहिला तर त्यांना दिसेल. टपालात ‘दार बंद’ असा शेरा मी हजारो पाकिटांवर मारला असेल, तेव्हा कधी हात थांबला नव्हता.

यंदाच्या चैत्रात मी पालखीच्या पुढे अर्धा तास खाडीकडे गेलो. ओटा झाडला, पाण्याचा तांब्या भरला, काकींच्या सांगण्याप्रमाणे पन्हं आमच्या घरून नेलं होतं ते सावलीत ठेवलं. चावी कुलपाला लावली, तेवढ्यात मागे गाडी थांबली. एक जोडपं होतं. बाईच्या हातात मोबाइल होता, आणि मान वळवून ती भिंतीवरचं एकेक अक्षर पडताळून पाहत होती. यंदा पान बरोबर उघडलं. तिचा चेहरा फुलला.

"दोन खोल्या, काकी स्वतः रांधतात," तिनं मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काकी आहेत का?"

लांबून ढोल ऐकू येत होता. पालखी रस्त्यापलीकडच्या घरांत असावी.

"होत्या," मी म्हणालो. "माझ्यामुळे गेल्या."

ती दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग गाडी काशीदच्या दिशेनं गेली, आणि मी कुलूप काढून दार उघडलं.